स्टिकर आपला आपण कापा



१४ एप्रिल जवळ आला की पुढारी फुकट स्टिकर वाटत सुटतात. वर बाबासाहेब, खाली भाऊ. भाऊचा गॉगल, भाऊची दाढी, भाऊचा मोबाईल नंबर. बाबासाहेबांपेक्षा भाऊचंच तोंड मोठं. आणि आपली पोरं ते रिक्षाच्या पाठीवर, टेंपोच्या फाळक्यावर, बाईकच्या टाकीवर खुशाल चिकटवतात. हप्ता आपण भरायचा, पेट्रोल आपण ओतायचं आणि वर्षभर भाऊची जाहिरात फिरवायची. याला वेठबिगारी नाय तर काय म्हणायचं?

१९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला, तेव्हा लिहिणारी माणसं मिळेनात म्हणून बाबासाहेब एकटे चोवीस-चोवीस रकाने भरत. त्या माणसाच्या नावाच्या दोन ओळी आपल्याला स्वतःच्या हाताने करता येऊ नयेत?

सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने गाड्यांवर जातीची नावं मिरवायला बंदी केली. 'जय भीम' ही जात नाही. ज्याला ती जात वाटते त्याच्या डोक्यात जात आहे. पण मग आपलाच एखादा पोरगा नंबर प्लेटच्या वर पोटजातीचं नाव आणि त्याखाली नाद करू नका म्हणून दम लिहितो, तो कुणाची नक्कल करतो? गावच्या वाड्यावरल्या पोराच्या बुलेटवर जो माज असतो तोच याने निळ्या रंगात करून आणला. असला स्टिकर आधी ब्लेडने खरवडून काढा.

हा खेळ नव्हे. २०१५ साली शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून एका पोराचा खून पडला. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावात अभिवादनाला आलेल्यांच्या गाड्या फोडल्या, जाळल्या. ज्या शब्दापायी एवढं सोसावं लागतं तो शब्द तरी भाऊकडनं उसना नको.

रेडियमवाल्याकडे चिकटणारा विनाइल मीटरवर मिळतो. त्याला कापायला सांगू नका, नुसता पत्रा मागा. कागदावर जाड अक्षर काढा, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि ते उलटं अक्षर विनाइलच्या मागच्या कागदावर गिरवा. खाली पुठ्ठा, हातात नवं ब्लेड. शिरोरेषा तोडू नका, तिच्यामुळे अख्खा शब्द एका तुकड्यात सुटतो. (मनुस्मृती ज्या लिपीत छापतात त्याच लिपीची ही रेघ, आज आपल्या कामी येतेय!) कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा पहिल्या पावसात उठतो. बंपर साबणाने धुवा, तेलकटपणा घालवा. मग साबणाचं पातळ पाणी शिंपडून शब्द ठेवा, सरळ बसवा, आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर पाणी काढत जा. वाळेपर्यंत गाडी हलवू नका.

पुष्कळ गाड्या करायच्या तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर स्टेन्सिल कापा आणि रंग मारा. तिथं 'म'च्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून त्याला एक बारीक सांधा ठेवावा लागतो. ही युक्ती गोदीत शिकायला मिळते. तिथं गोणीवर, पेटीवर स्टेन्सिलने मालाचं नाव असतं, मालकाचं असतं, वजन असतं, बंदर असतं. उचलणाऱ्याचं कुठंच नसतं.

नंबर प्लेटवर काही चिकटवू नका, मागची काच अडवू नका. फुकट चलान भरायला आपल्याकडे पैसा नाय. ज्याची गाडी मालकाची आहे त्याने वहीवर, डब्यावर, हेल्मेटवर चिकटवावा.

आणि दरवेळी 'जय भीम'वरच थांबू नका. शिक्षणावर लिहा, गटारात उतरून मेलेल्यांवर लिहा, भाड्याने खोली नाकारणाऱ्यावर लिहा. ओळी आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. सहा-सात शब्दांच्या वर जाऊ नका, मागचा वाचतोय तोवर सिग्नल सुटतो.