गाणे कवीचे, मालकी कोणाची?

चळवळीतला कवी चित्रपटासाठी लिहू लागला की कार्यकर्त्यांच्या बैठकीत निवाडा ताबडतोब दिला जातो : तो विकला गेला. निवाडा देणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची चित्रपटगीतेच तोंडपाठ असतात, ही गोष्ट अलाहिदा.

शैलेंद्र यांचे उदाहरण घ्यावे. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात काम करणारा हा तरुण 'इप्टा'च्या व्यासपीठावरून कविता म्हणत असे. संपाच्या मोर्चांत आजही दुमदुमणारी एक घोषणा त्यांच्याच गीतातली आहे. फाळणीत होरपळणाऱ्या पंजाबवरील त्यांची कविता ऐकून राज कपूर यांनी गाणी मागितली, तेव्हा आपली कविता विकाऊ नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. पुढे पत्नीच्या बाळंतपणाच्या वेळी पैशाची निकड भासली आणि ते स्वतःच राज कपूर यांच्याकडे गेले. 'बरसात'साठी (१९४९) दोन गाणी लिहिली. मोबदला ५०० रुपये. या प्रसंगात शरमेचे काही असेलच, तर ते कवीच्या वाट्याला जात नाही. सभेत टाळ्यांचा कडकडाट करणाऱ्यांपैकी कोणालाही त्याच्या चुलीची विचारपूस करावीशी वाटली नव्हती. त्याच कवीचे शब्द 'आवारा'मधून (१९५१) सोव्हिएत रशियातील सामान्य माणसाच्या ओठी गेले.

बाजारात गेल्याने कविता पातळ होते, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साहिर लुधियानवी यांच्या 'तल्खियाँ' या संग्रहात वेश्यावस्तीवरची एक जळजळीत कविता आहे. तिचे मूळ पालुपद फारसीच्या वजनाने इतके जड की उर्दू जाणकारालाच ते उमगावे. 'प्यासा'साठी (१९५७) साहिर यांनी ते बदलून साध्या हिंदुस्थानीत आणले. देशाचा अभिमान मिरविणाऱ्यांना विचारलेला तो सवाल महंमद रफी यांच्या आवाजात पुढच्या बाकावरच्या गिरणी कामगाराला थेट जाऊन भिडला. याला पातळ होणे म्हणत असतील, तर शाहिरीची सारी परंपराच पातळ ठरेल. अर्थात् पोटासाठी लिहिलेली सुमार गाणीही या मंडळींच्या नावावर आहेत. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही.

विकला गेला की नाही, या वादात खरा प्रश्न मात्र बाजूला पडतो : गाणे दिल्यावर ते कोणाचे राहिले? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या गीताचा पहिला मालक निर्माताच. कापड विणणाऱ्याचा कापडावर हक्क नाही, तसाच हा न्याय. गाणे रेडिओवर वाजो, तबकडीवर विको, वरातीत गाजो, लिहिणाऱ्याचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकता! हे चित्र बदलण्यास २०१२ साल उजाडावे लागले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत व बाहेर नेटाने प्रयत्न केला आणि कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गीताचा अन्यत्र वापर झाला, तर मानधनातील समान वाटा गीतकार व संगीतकाराला मिळालाच पाहिजे. हा हक्क त्यांनी सही करून सोडला, तरी ती सही व्यर्थ. किमान वेतन कमी रकमेच्या पावतीने बुडत नाही, त्याच जातीचे हे कलम आहे. मात्र कलम असणे वेगळे आणि नवख्या गीतकाराने ते निर्मात्यासमोर उच्चारणे वेगळे. पुढचे काम मिळणार नाही, ही धास्ती कायद्याने जात नाही. तेथे संघटनाच लागते.

शैलेंद्र शेवटी स्वतःच निर्माते झाले. फणीश्वरनाथ रेणू (समाजवादी पक्षाचेच एकेकाळचे कार्यकर्ते) यांच्या कथेवर त्यांनी 'तीसरी कसम' काढला, कर्जात बुडाले आणि १४ डिसेंबर १९६६ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी गेले. चित्रपटाला त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

सेवादलाच्या कलापथकातून निळू फुले चित्रपटात गेले, तेव्हा चळवळीने त्यांना परके मानले नाही. हा मोठेपणा गीतकारांच्याही वाट्याला यावा. पण त्याआधी एक लहान काम उरले आहे : मेळाव्यात जी गीते रोज म्हटली जातात, त्यांच्या कवीचे नाव पत्रिकेवर छापावे, आणि तो हयात असेल तर बिदागीचे पाकीट त्याच्याही घरी पोहोचवावे.