बाटली कोणाची?

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांच्या सासऱ्यांना डॉक्टरांनीं रोज कांहीं तास प्राणवायु घेण्यास सांगितला आहे. त्यासाठीं यंत्र घरीं आणलें असून त्या यंत्राला पाण्याची एक लहान बाटली जोडलेली आहे. "तींत कोणतें पाणी घालावें यावर घरांत पांच माणसांचीं पांच मतें आहेत, तरी आपण निर्णय द्यावा," असें त्या लिहितात.

प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वीं आमच्या घरींही उपस्थित झाला होता, आणि त्याचें उत्तर आम्हांला जरा महागांत मिळालें. मी वैद्य नव्हें; जन्मभर मुलांना शब्दरूपें घोकावयास लावणारा मास्तर. म्हणून कोणाला किती प्राणवायु द्यावा याचा निर्णय माझ्याकडे मागूं नये, तो आपल्या डॉक्टरांचा अधिकार आहे. बाटली रोज धुण्याचा अनुभव मात्र माझ्या पदरीं आहे, तेवढा सांगतों.

आमच्याकडील रुग्ण म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी. वाईच्या आमच्या घरांत त्या १९७१ सालीं सून म्हणून आल्या, तेव्हां मी मराठी तिसरींत होतों. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनीं मला 'भाऊजी' म्हणूनच हांक मारली, आणि आईविना वाढणाऱ्या या दिराचें सर्व कांहीं आईप्रमाणें केलें. घरांत जेवणारीं माणसें अठरा, चूल एक, आणि स्वयंपाकघराची खिडकी हातभर. पावसाळ्यांत ओलीं लाकडें फुंकून फुंकून त्यांचे डोळे लाल होत. गॅसची शेगडी घरांत आली ती १९९२ सालीं, म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनीं.

वहिनींना दम लागूं लागला तेव्हां आम्हीं तो वयाचा म्हणून सोडून दिला. पुढें तपासणी झाली आणि श्वासनलिका अरुंद होऊन फुप्फुसें हळूहळू निकामी होण्याचा विकार निघाला. डॉक्टर त्याला सी. ओ. पी. डी. म्हणतात. "जिनें उभ्या जन्मांत विडीचा वासही घेतला नाहीं, तिला हा रोग कसा?" असें दादांनीं विचारलें. डॉक्टरांनीं उलट प्रश्न केला, "या इतकीं वर्षें स्वयंपाक कशावर करीत होत्या?" त्या प्रश्नाला आम्हां पुरुषमंडळींपैकीं कोणालाही मान वर करून उत्तर देतां आलें नाहीं.

डॉक्टरांनीं मिनिटाला दोन लिटर या प्रमाणांत, दिवसाचे निदान पंधरा तास, प्राणवायु घेण्यास सांगितलें. हा पंधरा तासांचा आंकडा उगीच ठरलेला नाहीं. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलनें १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या चांचणींत, ज्यांच्या रक्तांत प्राणवायु फार कमी होता अशा रुग्णांपैकीं रोज निदान पंधरा तास तो घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षां अधिक जगले. तेव्हां हें यंत्र घरांत आलें म्हणजे तें शोभेची वस्तु नव्हें. त्याचे तास मोजून पाळावे लागतात.

यंत्राची रचना समजून घेतली तर बाटलीचें प्रयोजन सहज कळतें. आपल्या भोंवतालच्या हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायु असतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही हवा आंत ओढून, दाबाखालीं, झिओलाइट नांवाच्या खनिजाच्या बारीक कणांतून सोडतो. ते कण नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० ते ९६ टक्के प्राणवायु असलेला वायु बाहेर पडतो. मात्र नायट्रोजनाबरोबर हवेंतील ओलावाही मागें राहतो. बाहेर येणारा वायु अगदीं कोरडा असतो.

ओलाव्याची सोय परमेश्वरानें नाकांत केलेली आहे. श्वासाची हवा फुप्फुसांच्या खोल भागांत पोंचेपर्यंत ३७ अंश उष्ण आणि बाष्पानें पूर्ण भरलेली होते; अशा एक लिटर हवेंत सुमारें ४४ मिलिग्रॅम पाणी असतें. कोरडा वायु तासन् तास नाकांतून जाऊं लागला म्हणजे नाकावर हें काम जास्त पडतें. मग नाक कोरडें पडतें, खपल्या धरतात, क्वचित् रक्तही येतें. यासाठीं तो वायु पाण्याच्या बाटलींतून बुडबुड्यांच्या रूपानें पुढें सोडतात. हीच ती ह्युमिडिफायरची बाटली. अमरकोशांत पाण्याच्या नांवांत 'जीवन' हें एक नांव आहे. प्राणवायु आणि जीवन यांची गांठ एका प्लॅस्टिकच्या बाटलींत पडलेली पाहून माझ्यासारख्या जुन्या मास्तराला पहिल्या दिवशीं मोठें कौतुक वाटलें. कौतुकाच्या भरांत पुढील कामाकडे माझें लक्ष गेलें नाहीं, हा भाग निराळा.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. पुतण्या इंजिनियर, त्यानें बाटलींत गाळणयंत्राचें पाणी घातलें. सूनबाईंनीं उकळून थंड केलेलें घातलें. आमच्या कुटुंबानें, जावेला लवकर गुण यावा म्हणून, कोणाला न सांगतां देव्हाऱ्यांतील गंगाजलाचे चार थेंब सोडले. पाणी खालच्या रेघेशीं आलेलें दिसलें कीं मी तांब्यांतलें ओतून मोकळा होईं. प्रत्येकाच्या मनांत माया होती आणि प्रत्येकाचा हात बाटलीला लागत होता. परंतु बाटली सदैव भरलेली दिसे, म्हणून ती रिकामी करून धुवावी असें कोणाच्याच मनांत येईना. तीन आठवड्यांनीं उजेडांत धरून पाहिली, तों तळाशीं बुळबुळीत हिरवट साय आणि कडेला क्षारांचें पांढरें कडें! त्याच सुमारास वहिनींना ताप येऊन खोकला वाढला होता. तो त्या पाण्यामुळेंच आला असें डॉक्टरांनीं म्हटलें नाहीं. पण बाटली पाहून ते कांहीं वेळ बोललेही नाहींत.

लाजेनें मीं त्याच दिवशीं बाटली घासूनपुसून लख्ख केली, ताजें पाणी भरलें आणि झांकण बसविलें. दुपारभर बाटलीचा खळखळाट ऐकूं आला नाहीं. धुतल्यामुळें ती शांत झाली असें समजून मी समाधानानें वाचीत बसलों. दिवेलागणीला सूनबाईंनीं हांक मारली. वहिनींचे ओठ निळसर झाले होते आणि बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरवर, जेथें एरव्हीं ९१ असे, तेथें ८४ चा आंकडा होता. यंत्र चालू, दिवा चालू, नळी नाकांत! घाबरून फोन केला. डॉक्टरांनीं एवढेंच विचारलें, "बाटलींत बुडबुडे येतात का?"

येत नव्हते. झांकणाचे आटे वांकडे बसले होते आणि प्राणवायु नळींत न जातां फटींतून खोलींत जात होता. झांकण सरळ फिरवून बसविलें. पाव तासानें आंकडा पुन्हां ९१ वर आला. "इतका वेळ कां सांगितलें नाहींत?" असें मीं विचारलें. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही वाचीत होतां." मग थोडा दम घेऊन, हांसत, म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या चुलीला पोतेरें मात्र रोज मी एकटीच घालीत असें. म्हणून ती कधीं चुकली नाहीं."

यापरतें अधिक कोणी सांगावें? त्या रात्रीं ठरलें कीं बाटली माझी. मी परगांवीं गेलों तर ती सूनबाईंची, आणि तसें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेपुढें लिहावयाचें. तिसऱ्या कोणाचा हात तिला लागत नाहीं.

आतां पाण्याबद्दल. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफेचें करून पुन्हां थंड केलेलें पाणी, हें सर्वांत उत्तम. नळाच्या पाण्यांतील क्षार बाटलींत जमतात. उकळल्यानें जंतु मरतात, पण क्षार जात नाहींत. म्हणून उकळून थंड केलेलें पाणी अडीनडीपुरतें ठीक. गाळणयंत्राचें पाणी पिण्यास चांगलें असलें तरी तें निर्जंतुक असतेंच असें नाहीं. गंगाजल देव्हाऱ्यांत असावें, बाटलींत नको. तसेंच निलगिरीचें तेल, कापूर किंवा तुळशीचीं पानें यांपैकीं कांहींही तींत घालूं नये.

पाणी बाटलीवरील वरच्या व खालच्या रेघांच्या मध्यें असावें. कांठोकांठ भरलें तर तें नळींत चढतें. उरलेल्या पाण्यांत भर घालूं नये. रोज सर्व ओतून टाकून, बाटली सौम्य साबणानें ऊन पाण्यांत धुवून मग नवें भरावें. आठवड्यांतून एकदां एक भाग पांढरें व्हिनेगर व तीन भाग पाणी यांत ती अर्धा तास भिजत ठेवावी, नंतर खळखळून धुवून पुरती वाळवावी. याकरितां दोन बाटल्या असल्या म्हणजे एक वाळत असतां दुसरी वापरतां येते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत निराळी रीत दिली असल्यास तीच प्रमाण मानावी.

झांकण बसविल्यावर बुडबुडे पाहावे. ते दिसले तरी नळीचीं टोकें पेलाभर पाण्यांत धरून तेथेंही बुडबुडे येतात कीं नाहीं हें पाहावें, आणि टोकें पुसून मगच नाकांत घालावीं. बाटलीनें शिटी दिली तर पुढें नळी कोठें तरी मुडपली आहे असें समजावें. पुष्कळदां ती खाटेच्या पायाखालीं सांपडलेली असते. नळींत पाणी सांचत असेल तर बाटली रुग्णाच्या उशापेक्षां खालच्या पातळीवर ठेवावी.

एक गोष्ट मात्र आधीं डॉक्टरांना विचारावी, ती ही कीं बाटली हवीच का? मिनिटाला चार लिटरपर्यंत प्राणवायु नाकांतील नळीनें घेणाऱ्यास बहुधा तिची गरज नसते, कारण खोलींतील हवाही श्वासांत मिसळत असते. आमच्याकडे दोन लिटरच चालतो. परंतु वाईच्या कोरड्या थंडींत वहिनींच्या नाकांतून रक्त येऊं लागलें, म्हणून डॉक्टरांनीं ती ठेवली. जेथें गरज नाहीं तेथें ती नसलेलीच बरी. न धुतलेल्या बाटलीपेक्षां कोरडा वायु पुरवला. खोलींत वाफ सोडणारें जें निराळें यंत्र बाजारांत मिळतें, त्याचा या बाटलीशीं संबंध नाहीं. त्यालाही हीच स्वच्छता लागते, आणि पावसाळ्यांत तें लावणें म्हणजे भिंतींना बुरशीचें आमंत्रण होय.

शेवटीं अग्नीविषयीं. प्राणवायु स्वतः जळत नाहीं, पण दुसऱ्याला विलक्षण वेगानें जाळतो. वहिनींचें नाक कोरडें पडे म्हणून आमचें कुटुंब जुन्या रीतीप्रमाणें साजुक तुपाचें बोट लावीत असे. डॉक्टरांनीं तें तत्काळ बंद करविलें. तूप, तेल, व्हॅसलिन यांपैकीं कांहींही प्राणवायूच्या नळीजवळ नको. पाण्यांत विरघळणारें मलम ते देतात, तें लावावें. निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून निदान दहा फूट अंतर असावें. नळी काढून लगेच दिव्यापाशीं जाणेंही धोक्याचें, कारण लुगड्याच्या पदरांत व केसांत प्राणवायु कांहीं वेळ राहतो. नळी अंथरुणावर टाकून यंत्र चालू ठेवूं नये, तेंही याच कारणासाठीं.

सांजवात लावण्याचा पन्नास वर्षांचा नेम सोडतांना वहिनींना फार जड गेलें. आतां दिवा सूनबाई लावतात; देवघराचें दार उघडें ठेवलेलें असतें, आणि वहिनी पलीकडच्या खोलींतून हात जोडतात.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझें उत्तर असें: पाणी डिस्टिल्ड घालावें. परंतु त्यापूर्वीं पांचही जणांना बसवून बाटली कोणाची हें ठरवावें, आणि तें काम घरांतील सुनेच्याच वांट्याला आपोआप येऊं देऊं नये. आमच्या घरीं तें रोज सकाळीं सात वाजतां माझें असतें. मी झांकण फिरवितों, आणि खाटेवरून नेमका प्रश्न येतो, "बुडबुडे आले का हो, भाऊजी?" ते पाहिल्याशिवाय मी 'हो' म्हणत नाहीं.