तांदळात लोह, ताटात काय?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात बैठकीला गेले होते. ओसरीवर एक बाई रेशनचा तांदूळ निवडत होती. वेगळे दिसणारे दाणे वेचून अंगणात फेकत होती. "प्लास्टिक आहे ताई," म्हणाली.

प्लास्टिक नव्हते ते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून काढलेले दाणे होते, शंभरात एक. हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

१५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ असा होईल. कारण दिले कुपोषणाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे औषध आपल्यासाठी, पण पत्ता आपल्यालाच नाही!

२०१८ च्या नियमांनी पाकिटावर इशारा छापायला सांगितला होता: थॅलेसेमिया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावा, सिकलसेल असलेल्यांनी खाऊ नये. पण रेशनचा तांदूळ सुटा मिळतो. इशारा पोत्यावर, पोते दुकानात, आणि सिकलसेलचे रुग्ण गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यांवर. पुढे तज्ज्ञांनी धोका नसल्याचे सांगितले आणि २०२४ मध्ये तो इशाराच काढला गेला. धोका नसेल तर आनंदच आहे. पण आधी 'खाऊ नका', मग 'खुशाल खा', आणि दोन्ही वेळा तिला कुणी विचारले नाही. पैसेवाली दुसरी पिशवी उचलते. रेशनवर जगणारीने काय करायचे?

मी मिठातल्या आयोडिनच्या विरोधात नाही. त्याने गलगंडाला आळा बसला. माझे भांडण नियमाशी आहे. किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असावे, हे तो काटेकोर सांगतो. खाणारीला कळले पाहिजे, हे मात्र तिच्यापर्यंत पोचवत नाही.

आणि रक्त नुसत्या लोहाने भरत नाही, प्रथिनेही लागतात. आपल्याच राज्याने २०२३ मध्ये शाळेच्या आहारात अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. लोहाचा दाणा परवडतो, अंडे परवडत नाही! सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला डाळीचे पाणी उरते, त्याची तर कुठल्याच नियमात नोंद नाही.

मैत्रिणींनो, ग्रामसभेत मागणी लावून धरा. अन्नात काय मिसळले ते दुकानावर आपल्या बोलीत लिहा. आधी सिकलसेलची तपासणी करा. नको म्हणणारीला साधे धान्य द्या. आणि डाळ, ज्वारी, नाचणी, अंडी द्या. आम्ही माणसे आहोत, रिकामी पोती नव्हे.