जुने कार्ड, नवे कार्ड आणि दुकानाची पत

मुरबाडमध्ये गेमिंगचा संगणक जोडून द्यायचा, तर ग्राफिक्स कार्डासाठी दुकानदार मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. असा माल नवा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे हा व्यापार नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मध्यम किमतीत एनव्हिडियाचे २०२१ चे आरटीएक्स ३०६० बारा जीबीचे, पण १७० वॅट वीज खाणारे. २०२३ चे ४०६० वेगाने सरस, ११५ वॅटवर भागणारे, मात्र मेमरी आठच जीबी. दोन्ही बाजू गिऱ्हाइकाला सांगाव्यात. कार्ड वापरलेले असल्यास तसे बिलावर लिहावे. तालुक्याच्या गावात पत हेच खरे भांडवल.