अळणी भाजी आणि दोन बोलपट

घरबसल्या बोलपट पाहण्याची सोय झाल्यापासून चित्रपटगृहाची पायरी चढण्याचा प्रसंग आम्हां वृद्धांवर क्वचितच येतो. गेल्या महिन्यांत धाकटे बंधु धुळ्याहून सहकुटुंब जळगांवीं आमच्याकडे आले होते. लहानथोर मिळून तेरा माणसें घरांत. रात्रीं काय पाहावें यावर बराच खल झाला. नातवंडांची मतें नातवंडांइतकींच निघालीं. अखेर मीं वडीलकीचा अधिकार गाजविला आणि ‘श्यामची आई’ पाहण्याचें ठरविलें. तेंहि एक नव्हे, दोन : पहिल्या रात्रीं आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा बोलपट, दुसऱ्या रात्रीं श्री. सुजय डहाके यांचा २०२३ सालचा.

पहिला मीं शाळकरी वयांत पाहिला होता. शाळेनें आम्हां मुलांना रांगेनें नेलें होतें. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम तेव्हांपासून मनांत ठाण मांडून आहेत. राष्ट्रपतींचें सुवर्णपदक सर्वप्रथम मिळविणारा चित्रपट तो हाच. आज साठी उलटल्यावर त्यांतील बोलणें क्वचित् नाटकी वाटतें. पण डोळे पाणावले नाहींत असें म्हणेन तर तें असत्य होईल. बंधूंनीं तर चष्मा पुसण्याचें निमित्त करून तीन वेळां डोळे पुसले.

दुसऱ्या बोलपटाविषयीं माझें मन प्रथम साशंक होतें. रंगांचा एवढा सुकाळ असतां श्री. डहाके यांनीं आपलें चित्र काळ्यापांढऱ्यांतच कां ठेविलें? पण अर्ध्या घटकेंत ही शंका मावळली. ओम भुतकर यांचे तुरुंगांतील गुरुजी आणि गौरी देशपांडे यांची आई पाहतांना असें वाटलें कीं, येथें आईचें देवपण कांहींसें कमी झालें असून बाईपण अधिक दिसूं लागलें आहे. २०२५ सालीं जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला, तो मला यथार्थ वाटतो.

येथवर सर्व ठीक. परंतु दोन्ही रात्रींची एक गोष्ट माझ्या नजरेंतून सुटली होती. आम्ही पुरुष एका जागीं बसून गहिंवरत होतों, तेव्हां आमच्या सौभाग्यवती एकदां दूध उतरविण्यास, एकदां विरजण लावण्यास आणि एकदां अंथरुणें घालण्यास उठल्या. भरिताचीं भांडीं आवरण्यांत थोरल्या सूनबाईंचा पूर्वार्ध गेला. ‘श्यामची आई’ घरांतील आयांनीं तुकड्यातुकड्यांनीं पाहिली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वर्षांची नात मूळ पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली. साने गुरुजींनीं तें फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. तिनें अळणी भाजीची गोष्ट वाचली. आई भाजींत मीठ घालण्यास विसरते. वडील व मुलें अवाक्षर न काढतां जेवून उठतात. पुढें आई स्वतः जेवावयास बसते तेव्हां तिला चूक कळते. नातीनें विचारलें, “आजोबा, भाजी अळणी आहे हें आईला सर्वांत शेवटीं कां कळलें?”

“कारण ती सर्वांच्या मागून जेवली.”

“मागून कां जेवली?”

हा पाठ मीं वर्गांत तीस वर्षें वाचून दाखविला. वडिलांच्या समंजसपणावर मुलांकडून निबंध लिहवून घेतले, उत्तम निबंधांस शाबासकी दिली. हा प्रश्न मात्र मीं कधीं विचारला नाहीं. जवळच धान्य निवडीत बसलेल्या सूनबाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, “मामंजी, त्या माउलीला बरें नसे तेव्हां घरांतलें काम कोण करी, हेंच काल माझ्या सारखें मनांत येत होतें.”

आपल्या साहित्यशास्त्रानें करुणरसाची महती गायिली आहे. भवभूतीनें तर त्यालाच मुख्य मानिलें. पण रंगभूमीवरील शोकाचा आपण आस्वाद घेतों. घरांतील शोक मात्र आपल्याकडे कर्तव्य मागतो. आईस आपण देव मानितों, आणि देवाच्या भुकेची चिंता कोण करतो? त्याला नैवेद्य दाखवितात, जेवतात मात्र इतर.

या ठिकाणीं आम्हां खानदेशवासीयांस एक गोष्ट आठवावयास हवी. कथेंतील श्याम कोंकणांतल्या पालगडचा. पण गुरुजी मास्तर झाले ते आमच्या अमळनेरास. १९२४ पासून १९३० पर्यंत ते तेथें शिक्षक होते. छात्रालय त्यांच्याकडे असतां मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांचे कपडे धूत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. पुढें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनींच लिहून घेतलीं. ‘श्यामची आई’ त्यानंतरची. आईवर लिहिण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्यांनीं आईचीं कामें केलीं होतीं. गुरुजींचे अश्रु आम्हीं घेतले, त्यांचा केरसुणी धरलेला हात तेवढा विसरलों.

त्या रात्रीं मीं सुचविलें कीं, सर्वांनीं एकाच पंक्तीस बसावें. सौभाग्यवतींनीं विचारलें, “आणि गरम भाकरी कोण वाढील?” प्रश्न रास्त होता. शेवटीं भाकऱ्या आधीं करून टोपलींत झांकून ठेवाव्या, पानें बंधूंनीं घ्यावीं आणि उष्टीं मीं काढावीं, असें ठरलें. भाकरी निवल्यानें भरिताची गोडी थोडी उणावते, हें मान्य केलें पाहिजे. पहिल्याच दिवशीं माझ्या हातून कांचेचा एक पेला फुटला, तेव्हां “राहूं द्या, तुमच्यानें होणार नाहीं,” असें ऐकून घ्यावें लागलें. तरी मीं काम सोडलेलें नाहीं.

वाचकांनीं दोन्ही बोलपट अवश्य पाहावेत. जुना आधीं, नवा मागून. मात्र दूध उतरविण्यास पुरुषांपैकीं कोणीतरी उठावें.

चौथ्या दिवशीं सर्व पंक्तीस बसलों असतां सौभाग्यवतींनीं पहिला घांस घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अगबाई, आज मीठ कमी पडलें.” बंधूंनीं मिठाचें भांडें पुढें सरकविलें.