अक्काचे घड्याळ बिघडले नव्हते



मागच्या महिन्यात थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. भिंतीवर नवा खिळा ठोकलेला, पण त्यावर काहीच नाही. विचारले तर अक्का विषय टाळू लागली. शेवटी तिने कपाटातून एक खोके काढले. तिची मुलगी जर्मनीत फ्रँकफर्टजवळ परिचारिका आहे. सुट्टीवर येताना तिने पहिल्या पगारातून आईसाठी आकडे दाखवणारे घड्याळ आणले होते. सोबत बाहेर ठेवायची एक छोटी डबी. तिच्यामुळे घरात बसून बाहेरचे तापमान कळते. लेक परत गेल्यावर अक्काने सेल घातले. वेळ चुकीची आणि तापमानाच्या जागी नुसत्या रेघा! "माझ्या हातून बिघडलं रे. पोरीला सांगू नकोस," अक्का म्हणाली. महिनाभर ती फोनवर ‘छान चालतंय’ म्हणून वेळ मारून नेत होती.

मी तिथूनच भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, आईनं काही बिघडवलं नाही. माझ्या खोलीत असंच घड्याळ आहे, मलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं." मग सगळा उलगडा झाला.

या घड्याळात दोन वेगवेगळी कामे चालतात. पहिले काम वेळेचे. फ्रँकफर्टच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटरवर माइनफ्लिंगेन येथे रेडिओ केंद्र आहे. ‘डीसीएफ ७७’ हे त्याचे नाव. अणुघड्याळावर मिळवलेली अचूक वेळ ते ७७.५ किलोहर्ट्झवर रात्रंदिवस पाठवते. दर सेकंदाला एक खूण, अशी मिनिटभरात पूर्ण वेळ व तारीख जाते. ती ऐकून घड्याळ स्वतःला लावून घेते. रात्री ही लहर चांगली पकडते, म्हणून तिकडेही कधीकधी सकाळपर्यंत थांबावे लागते. तिकडे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे-मागे करतात, तेही ते आपोआप करते. पण या केंद्राची लहर साधारण २,००० किलोमीटरपर्यंत पोचते. आपण साडेसहा हजार किलोमीटर दूर! ती इथे मिळणार कशी?

दुसरे काम तापमानाचे. ते डबी आणि घड्याळ आपसात करतात, त्याला परदेशातल्या केंद्राची गरज नाही. म्हणजे ते इथेही चालायलाच हवे. अक्काची चूक एवढीच झाली की तिने आधी घड्याळात सेल घातले आणि डबी दुसऱ्या दिवशी गॅलरीत टांगली. घड्याळ काही मिनिटे डबीला शोधते आणि मग थांबते.

आम्ही सगळे सेल काढले व दहा मिनिटे थांबलो. दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी ठेवल्या. आधी डबीत नवे सेल घातले, मग घड्याळात. चार्ज होणारे सेल घातले नाहीत, त्यांचा दाब कमी असतो. थोड्या वेळात आकडा उमटला! मग डबी गॅलरीत ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी टांगली. ऊन लागले तर तापमान खोटे दाखवते. टीव्ही, फ्रिज व लोखंडी कपाटापासून घड्याळ दूर ठेवले. वेळ मोबाईलवर पाहून बटणाने हाताने लावली. आता ते साध्या घड्याळासारखे चालते. महिन्याला काही सेकंद इकडेतिकडे होईल, ते आपण नीट करायचे.

परदेशातून कुणी अशी वस्तू आणणार असेल तर ती इथे चालेल का, हे आधी विचारून घ्या. आणि नवी वस्तू चालली नाही की लगेच ‘आपल्याला काय कळतंय’ म्हणून ती कपाटात टाकू नका. आपल्या आया-बहिणी दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसतात. माहितगार माणसाला विचारण्यात कमीपणा कसला?

घड्याळ आता खिळ्यावर आहे. फोनवर मायलेकी एकमेकींना विचारतात, "तुझ्याकडे बाहेर किती आहे गं?"