मुंबई-दुबई : अंतर किलोमीटरात नव्हे, तासांत मोजा

मालेगावच्या लूमवाल्याला किंवा भिवंडीच्या कपडा व्यापाऱ्याला दुबई किती दूर, असे विचारले तर तो चटकन सांगतो, 'तीन तास.' उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या अपुरेपणाची किंमत आपले व्यापारी बांधव वारंवार मोजतात.

मुंबई ते दुबई सरळ हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर आहे. जाताना साधारण सव्वातीन तास लागतात, येताना पावणेतीन. आकाशात उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. हिवाळ्यात हा फरक अधिक जाणवतो.

खरा घोळ घड्याळाचा आहे. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. सकाळी १० ला निघालेले विमान तिथल्या ११.४५ ला उतरते. तिकिटावर प्रवास पावणेदोन तासांचा दिसतो. परतताना तेच तिकीट सव्वाचार तास दाखवते. दोन्ही आकडे फसवे आहेत, कारण सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची छापलेली असते.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब करा. मालेगाव ते मुंबई सुमारे २८० किलोमीटर, पाच ते सहा तास. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचे. विमानात सव्वातीन तास. उतरल्यावर पासपोर्टची तपासणी, सामान आणि टॅक्सी धरून दीड तास. म्हणजे एकूण तेरा तासांच्या आसपास, आणि त्यात उड्डाण फक्त एक चतुर्थांश!

हाच हिशेब शुक्रवारी केला नाही तर काय होते पाहा. जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या केंद्र सरकारची कार्यालये शुक्रवारी दुपारी १२ ला बंद होतात आणि शनिवार-रविवार सुट्टी असते. पूर्वीची शुक्रवार-शनिवारची सुट्टी डोक्यात ठेवून आजही काहीजण बेत आखतात. शुक्रवारी ११.४५ ला उतरलेल्या माणसाचे कागद सोमवारपर्यंत हलत नाहीत. हॉटेलचे भाडे मात्र तीन रात्रींचे भरावे लागते.

मालाचेही तसेच आहे. विमानभाडे केवळ वजनावर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ६००० ने भागतात. ६०×५०×४० चे खोके काट्यावर १२ किलो भरले तरी भाडे २० किलोचे लागते. जरीकामाचे फुगीर कपडे पाठवणाऱ्या कारागिराने भाव सांगण्यापूर्वी खोके मोजावे. नाहीतर नफा हवेतच उडून जातो.

१ मे २०२२ पासून भारत-अमिरात व्यापार करार लागू आहे. त्यामुळे अनेक वस्तूंवरील जकात कमी झाली किंवा उठली. वाट सोपी झाली आहे, पण ग्राहकाला दिलेली तारीख पाळणे आपल्याच हाती आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : तिकीट काढण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा, एक आपल्या वेळेचा, एक तिथल्या वेळेचा. भेट उतरण्याच्या दिवशी न ठेवता दुसऱ्या दिवशी ठेवा. विमान चुकले तर दुसरे मिळते. पहिल्याच सौद्यात शब्द चुकला तर तो ग्राहक पुन्हा मिळणे कठीण.